तेराव्या अध्यायातली करुणा आणि कर्ममेळ्याचा प्रश्न

कोथरूडची वाचक

नमस्कार मंडळी, आम्ही काही जण रविवारी सकाळी मिळून ज्ञानेश्वरी वाचतो, सध्या तेरावा अध्याय चालू आहे आणि त्यातून पुढे सरकावंसंच वाटत नाहीये म्हणून हा धागा काढतेय. गीतेत ज्ञानाची लक्षणं येतात ना, अमानित्व (मोठेपणाची हाव नसणं), अदंभित्व (ढोंग नसणं), मग अहिंसा. गीता ते नुसतं मोजून पुढे जाते. माउली मात्र अहिंसेपाशी थांबतात ते शंभराच्या वर ओव्या थांबतात!

आणि सुरुवात गोड नाहीये हां. आधी यज्ञातल्या हिंसेला धरलंय, की ही कसली अहिंसा, झाडाच्या फांद्या तोडायच्या आणि त्याच फांद्यांचं बुंध्याला कुंपण करायचं, स्वतःचे हात तोडून शिजवायचे आणि भूक भागवायची. आयुर्वेदालासुद्धा सोडलेलं नाही, एक जीव वाचवायला किती झाडांची मुळं खणली, साली सोलल्या. १२९० साली नेवाशात बसून विशीच्या आतबाहेरचा मुलगा हे बोलतोय.

मग येतो तो माणूस ज्याच्यात खरंच अहिंसा मुरलीय. माउली त्याच्या मनात शिरत नाहीत, आधी त्याचं चालणं दाखवतात. 'कमळावरी भ्रमर । पाय ठेविती हळुवार । कुचुंबैल केसर । इया शंका.' भुंगा कमळावर उतरताना पाय जपून टेकवतो कारण आतला केसर चुरगळेल अशी धास्ती. तसा हा माणूस, परमाणूएवढ्या जागेतसुद्धा छोटे जीव आहेत हे जाणून 'कारुण्यामाजीं पाउलें लपवूनि' चालतो. आणि त्याच्याच पुढे ती ओवी, 'जीवातळीं आंथरितु आपुला जीवु.' दुसऱ्याच्या जिवाखाली स्वतःचा जीव अंथरत चालणारा माणूस. मांजर पिल्लाला तोंडात धरते तेव्हा दातांची टोकं त्याला जशी लागतात तशी याची पावलं जमिनीला लागतात असंही तिथेच आहे.

पाय झाले की बोलणं. आधी तर तो बोलतच नाही, कारण आपला बोल कुणाला खुपेल का अशी शंका. आणि बोललाच तर 'पुढां स्नेह पाझरे । मागां चालती अक्षरें । शब्द पाठीं अवतरे । कृपा आधीं.'

माझा मुद्दा असा की हे सगळं ज्ञानाची व्याख्या म्हणून आलंय. सदाचाराची यादी म्हणून नाही. म्हणजे ज्याला कळलं त्याचं पाऊल असं पडतं, आणि ज्याचं पाऊल असं पडत नाही त्याला कळलेलं नाही, त्याने कितीही वेदान्त सांगू दे. आपण शिकताना 'तत्त्वज्ञान' एका प्रकरणात आणि 'भक्ती, प्रेम, करुणा' दुसऱ्या प्रकरणात असं शिकलो, मला वाटतं या साहित्याशी तो अन्याय आहे. तुम्हाला काय वाटतं?

नानापेठ

ताई फार सुंदर विषय काढलात. मी काही अभ्यासक नाही, आमच्या पेठेत निवडुंग्या विठोबाला तुकोबांची पालखी मुक्कामाला असते, लहानपणापासून त्या गर्दीत वाढलो तेवढीच माझी शाळा. पण तुम्ही म्हणता ते माउलींच्याच दुसऱ्या ग्रंथात, अमृतानुभवात अजून स्पष्ट आहे. लोक अमृतानुभव अवघड म्हणून उघडत नाहीत, आणि उघडला तर पहिल्या प्रकरणात काय आहे? नवराबायको! शिव आणि शक्ती, एकमेकांवाचून क्षणभर न राहणारे, इतके की दोन आहेत का एक तेच सांगता येईना. 'दो ओठीं एकी गोष्टी । दो डोळां एकी दिठी.' ओठ दोन पण त्यातून निघणारी गोष्ट एकच, डोळे दोन पण नजर एक. जग कसं झालं हे सांगायला माउलींना यांच्या आवडीचीच गोष्ट सांगावीशी वाटली. त्यांच्या लेखी जग म्हणजे फसवणूक नाही, त्या एकाच वस्तूचा विलास आहे, म्हणून तर त्यात कुणाला परकं म्हणायची सोय राहत नाही.

आणि नवव्या प्रकरणातली ही ओवी मला फार जवळची, 'देव देऊळ परिवारु । कीजे कोरूनि डोंगरु । तैसा भक्तीचा व्यवहारु । कां न व्हावा.' डोंगर एकच, त्यातूनच देव कोरला, देऊळ कोरलं, समोर हात जोडून उभा परिवारही त्यातूनच कोरला. एकदा ही ओवी डोक्यात घेऊन जंगली महाराज रस्त्यावर पाताळेश्वरला जाऊन बसा. समोरचा गोल नंदीमंडप, मागचे खांब, गाभारा, पायाखालची जमीन, सगळा एकच खडक आहे, कुठेही सांधा नाही. सगळं एकच आहे तर भक्ती कुणी कुणाची करायची असं जे अद्वैतवाले विचारतात ना, त्याचं उत्तर त्या अंगणात बसल्यावर मला मिळालं.

पिंपरीचा मी

वाचतोय, छान लिहिलंय दोघांनी, पण मला एक गोष्ट टोचतेय आणि ती इथे बोलायलाच हवी. सगळा एकच खडक असेल तर मग अस्पृश्य ठरवलेले संत चोखोबा देवळाच्या बाहेर का? आजही पंढरपुरात त्यांची समाधी नामदेव पायरीपाशी, दाराच्या बाहेर आहे. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून ते गेले, म्हणजे मरतानाही वेठबिगारीच करत होते. नामदेवांनी त्यांच्या अस्थी विठ्ठलनामाच्या आवाजावरून ओळखल्या असं परंपरा सांगते, ते ऐकताना गळा भरून येतो हे खरं आहे. पण गळा भरून येणाऱ्यांनी पुढची सहाशे वर्षं दार उघडलं नाही हेही खरंच आहे ना.

आणि त्यांचा मुलगा कर्ममेळा, त्याचं नाव तर आपल्या गप्पांमध्ये येतच नाही. त्याचा अभंग वाचा. 'आमुची केली हीन याती । तुज कां न कळे श्रीपती । जन्म गेला उष्टें खातां । लाज न ये तुमचे चित्ता.' थेट देवाला विचारतोय की लाज वाटत नाही का. पुढे म्हणतो आमच्या घरी दहीभात खाल्लास आणि आता कसा नाही म्हणतोस. ताई, तुमच्या त्या हळुवार पावलांच्या ओव्या सुंदर आहेत पण त्या पावलांखाली जे होते त्यांनी काय लिहिलं ते बाजूला ठेवून 'मध्ययुगीन साहित्यातली करुणा' असा विषय पूर्ण होत नाही. करुणा वरून खाली येते तेव्हा घेणाऱ्याला मान खाली घालूनच घ्यावी लागते.

नानापेठ

दादा तुम्ही म्हणता ते खरंय, पण माउलींच्या कुटुंबालाही वाळीत टाकलं होतं हे विसरू नका. संन्याशाची पोरं म्हणून हिणवलं, आईवडिलांना देहान्त प्रायश्चित्त घ्यावं लागलं असं परंपरेत सांगतात. त्या पोरांनी वरून खाली पाहिलं असं मला म्हणवत नाही. आणि एवढं सोसून शेवटी मागितलं काय तर 'जे खळांची व्यंकटी सांडो.' खळ मरोत असं नाही म्हणाले, त्यांच्यातला वाकडेपणा जावो म्हणाले. 'भूतां परस्परें पडो मैत्र जीवाचें.' 'परस्परें' म्हणजे दोन्ही बाजूंनी, एकाने द्यायची आणि दुसऱ्याने घ्यायची अशी ती मैत्री नव्हे.

जुनी पोथी

माझा थोडा वेगळा कोपरा आहे, महानुभाव वाङ्मय. या चर्चेत ते यायलाच हवं कारण लीळाचरित्र, म्हणजे महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या आठवणींचा ग्रंथ, ज्ञानेश्वरीच्याही थोडं आधीचं आणि गद्य, म्हणजे त्या काळची माणसं प्रत्यक्ष बोलतात कशी ते त्यात ऐकू येतं. चक्रधरस्वामी गेल्यावर म्हाइंभटांनी गावोगाव फिरून, ज्यांनी ज्यांनी पाहिलं त्यांना विचारून या आठवणी गोळा केल्या, आणि दोघांची आठवण वेगळी असेल तर दोन्ही नोंदवल्या. तेराव्या शतकात हे!

त्यातली सशाची लीळा बऱ्याच जणांना शाळेपासून माहिती असेल. पारधी कुत्री घेऊन सशाच्या मागे लागलेत, ससा पळत येतो आणि बसलेल्या चक्रधरांच्या मांडीखाली शिरतो. पारधी म्हणतात आमचा ससा द्या. स्वामी म्हणतात इथे शरण आलाय, आता तो द्यायचा कसा. पारध्यांवर ते ओरडत नाहीत, त्यांच्याशी बोलतात, समजावतात, आणि पारधी ऐकतात. किती साधं लिहिलंय म्हणून सांगू, विशेषण जवळजवळ नाहीच. कुठे 'दयासागर' नाही की काही नाही, मांडीखाली ससा आहे आणि समोर कुत्री आहेत, बस. पिंपरीच्या दादांचा मुद्दा पटतो मला पण इथे एक फरक बघा, करुणा ही भावना म्हणून आलेली नाही, जो आत आला तो आता माझा, असा व्यवहार म्हणून आलीय.

दुसरी गोष्ट महादाइसेची. चक्रधरांची शिष्या, मराठीतली आद्य कवयित्री म्हणतो आपण तिला, धवळे, म्हणजे लग्नाची गाणी, तिचेच. पण लीळाचरित्रात ती मुख्यतः प्रश्न विचारते. सतत. हे असं का, ते तसं का, मग त्याचं काय. चक्रधर तिला जिज्ञासक म्हणतात, चर्चक म्हणतात आणि उत्तरं देत राहतात. त्या काळात एका विधवा बाईचे प्रश्न इतके मनावर घेणारा गुरू, आणि ते प्रश्न जसेच्या तसे लिहून ठेवावेसे वाटणारा पंथ. मला सहानुभूतीचा हा प्रकार सगळ्यात मोलाचा वाटतो, समोरच्याला रडू येतंय म्हणून जवळ घेणं वेगळं आणि त्याला डोकं आहे हे मानणं वेगळं.

स्मृतिस्थळ या दुसऱ्या महानुभाव ग्रंथात तर चक्रधरांनंतर पंथ सांभाळणारे नागदेवाचार्य पंडितांना संस्कृतात लिहू नका म्हणून अडवतात, कारण स्वामींचा सामान्य परिवार, म्हणजे साधी माणसं, म्हाताऱ्या बाया, त्याला मुकतील. कोणत्या भाषेत लिहायचं हा निर्णयच कुणाला वगळायचं नाही यावरून झालेला आहे.

पहिलं वर्ष एम.ए.

सर्वांना नमस्कार, मी नुकतीच मराठी एम.ए.ला प्रवेश घेतलाय त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटू शकतो. इथे सगळे देवाच्या प्रेमाबद्दल किंवा जीवमात्रांच्या प्रेमाबद्दल बोलताय, पण साधं स्त्रीपुरुषाचं प्रेम या काळात मराठीत नाहीच का?

जुनी पोथी

आहे की. नरेंद्राचं रुक्मिणीस्वयंवर वाच, विरहात जळणारी रुक्मिणी त्यात ओवीओवीतून दिसते. आणि त्याची कथा पण गंमतीची नाही तर अभिमानाची आहे, रामदेवराव यादवाला ते काव्य इतकं आवडलं की ओवीमागे सोनं देतो पण काव्य माझ्या नावावर कर म्हणाला, नरेंद्राने नकार दिला, आमच्या कविकुळाला बोल लागेल म्हणून. धवळे पण रुक्मिणीच्याच लग्नाचे आहेत, चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांनी लग्नाचा खेळ मांडला आणि महादाइसेने गाणी केली अशी हकीकत आहे, म्हणजे लग्नघरात बाया गातात तीच चाल तोच थाट. दोन्ही एकापाठोपाठ वाच, पुरुषाने रंगवलेली रुक्मिणी आणि बाईने गायलेली रुक्मिणी यात फरक तुझा तुला दिसेल, मी आधीच सांगून ठेवत नाही.

कोथरूडची वाचक

आणि जनाबाई विसरू नकोस गं! 'डोईचा पदर आला खांद्यावरी । भरल्या बाजारीं जाईन मी.' पदर खांद्यावर घसरू दे, भर बाजारातून जाईन. नामदेवांच्या घरची दासी आहे ती, दळण कांडण झाडलोट तिच्या वाट्याला, आणि तिचा देव काय करतो, 'झाडलोट करी जनी । केर भरी चक्रपाणी.' ती झाडते तो केर भरतो. तुझा प्रश्न स्त्रीपुरुष प्रेमाचा होता, मला तरी यात तेही दिसतं. घरातलं काम वाटून घेणारा जोडीदार तिने देवात शोधला कारण आसपास तसा कुणी नव्हता. वारकरी मंडळींना हे वाचन पटणार नाही कदाचित, पण मला ते मनापासून तसंच वाटतं.

नानापेठ

पटतंय ताई, का नाही पटणार. आमची आजी जात्यावर हेच गायची आणि तिला कुणी अर्थ समजावायची गरज पडली नाही.

सासवडकर

उशिरा आलो. पिंपरीच्या दादांच्या मुद्द्यावर बोलतो. आमच्या गावावरून माउलींची पालखी जाते, दिवेघाट चढून आली की सोपानकाकांच्या गावात मुक्काम, त्यामुळे वारी घरचीच. पण पुण्याच्याच समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे वारीला चालत गेल्या होत्या आणि त्यांनी तेव्हाच लिहून ठेवलंय की एकाच दिंडीत ब्राह्मण वेगळे जेवतात आणि मराठे वेगळे. वाट एक, अभंग एक, पंगत वेगळी. आणि पंढरपूरचं देऊळ अस्पृश्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावं लागलं. म्हणजे ज्ञानेश्वरी लिहून झाल्यावर साडेसहाशे वर्षांनी! मग मला प्रश्न पडतो की ते तत्त्वज्ञान कमी पडलं का, का आपण ते फक्त गायलं?

पिंपरीचा मी

सासवडकर, 'आपण फक्त गायलं' असं म्हणून ग्रंथाला सोडवून घेणं सोपं आहे, मी तेवढं सोपं करणार नाही. बाराव्या अध्यायात भक्ताचं वर्णन करताना म्हटलंय ना, 'गाईची तृषा हरूं । कां व्याघ्रा विष होऊनि मारूं । ऐसें नेणेंचि गा करूं । तोय जैसें.' पाणी गाईची तहान भागवतं पण वाघासाठी विष होत नाही. उत्तम, फार उत्तम. पण गावात पाणवठा कुणाचा होता? पाण्याने भेद केला नाही, माणसाने केला, आणि पाणी स्वतः उठून कुणाच्या घागरीत येत नाही. समदृष्टीची अडचण मला इथे दिसते, की वाघ आणि गाय दोघांना सारखं बघणाऱ्याने वाघाला अडवायचं कधी?

मला पूर्ण उत्तर सापडतं ते सोयराबाईंकडे. चोखोबांची बायको. त्या बघा कशा वाद घालतात, 'देहासी विटाळ म्हणती सकळ । आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध. देहींचा विटाळ देहींच जन्मला । सोवळा तो जाला कवण धर्म.' आणि पुढे विचारतात की विटाळावाचून जन्माचं ठिकाणच नाही, असा कुठला देह आहे जगात? हे रडगाणं नाही, हा युक्तिवाद आहे. पहिल्या ओळीत वेदान्त मान्य केला, आत्मा शुद्ध आहे. दुसऱ्या ओळीत देहावर आल्या, कारण अडवतात ते देहाला, आत्म्याला कुणी दारात अडवत नाही. आणि मग सगळ्यांचा देह एकाच जागेतून येतो हे दाखवून सोवळ्याची जमीनच काढून घेतली. जुनी पोथी म्हणाले ना डोकं आहे हे मानणं, तर हे ते डोकं. मला म्हणायचंय की मध्ययुगीन मराठी तत्त्वज्ञान शिकवताना अमृतानुभवाशेजारी हा अभंग तत्त्वज्ञान म्हणून शिकवा, 'दलित संतांच्या व्यथा' या मथळ्याखाली नको.

कोथरूडची वाचक

हे अगदी हवं होतं मला. 'व्यथा' या कप्प्यात टाकलं की ऐकणाऱ्याने हळहळायचं एवढंच काम उरतं, वाद घालायची गरजच राहत नाही.

पण वाघाच्या प्रश्नावर थोडं थांबते. तुम्ही म्हणता समदृष्टीवाला वाघाला अडवणार कधी. माझं म्हणणं, तेराव्या अध्यायातल्या त्याच ओव्यांमध्ये माउली आधी अडवतातच ना, यज्ञाच्या नावाखाली चाललेल्या हिंसेला नाव घेऊन अडवतात आणि मगच तो भुंगा येतो. हळुवार असणं म्हणजे गप्प बसणं असा अर्थ तिथे नाहीये. फक्त जातीच्या हिंसेचं नाव त्या ठिकाणी घेतलेलं नाही, ते तुमचं बरोबर आहे आणि ते माझ्या वाचनात आता राहणार.

आणि तुकोबा. 'जे का रंजले गांजले' सगळ्यांना पाठ, पण त्याच अभंगातली ही ओळ कितीजण थांबून म्हणतात, 'दया करणें जें पुत्रासी । तेचि दासा आणि दासी.' पोटच्या मुलावर जी माया तीच घरातल्या गड्यावर, मोलकरणीवर. इथे अमूर्त काही नाही, आपल्याच स्वयंपाकघराकडे बोट आहे. आपल्या पुण्यात किती घरांत अजून कामवाल्या मावशींचा कप वेगळा असतो ते बघा.

सासवडकर

तुकोबांचं तर सगळं सोसून आलेलं. 'दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली.' १६३० च्या आसपासचा तो भयंकर दुष्काळ. बायको अन्न अन्न करत गेली हे एका ओळीत सांगून माणूस पुढे जातो. घरात सावकारी होती, कर्जखतं होती, आणि आपल्या वाटणीची खतं त्यांनी इंद्रायणीत बुडवली असं सांगतात. आधी स्वतः उपाशी मेलेलं माणूस पाहिलं आणि मग दुसऱ्याचं कर्ज सोडलं. मला तरी त्यांचं तत्त्वज्ञान तिथे सुरू होतं असं वाटतं.

जुनी पोथी

यात शेख महंमद पण हवेत, श्रीगोंद्याचे. 'ऐसें केलें या गोपाळें । नाहीं सोवळें ओवळें.' काटेरी केतकीत केवडा जन्मतो म्हणतात आणि स्वतःला अविंध, म्हणजे मुसलमान, म्हणवून सांगतात की हृदयात गोविंद आहे. सोयराबाईंच्या अभंगाशेजारी ठेवा, दोघेही सोवळ्यालाच धरतात पण वाटा किती वेगळ्या.

पहिलं वर्ष एम.ए.

मी बहिणाबाई वाचायला घेतल्यात, शिऊरच्या, तुकोबांच्या शिष्या. त्यांच्या आत्मचरित्रातलं वासरू वाचून झोप आली नाही. नवऱ्याने बांधून मारलंय, आणि तिला लळा लागलेलं वासरू चारापाण्याला तोंड लावत नाही, शेवटी मरतं. अख्ख्या घरात तिची वेदना त्या वासराला कळली! आणि तीच बाई पुढे विचारते, 'वेद हाका देती पुराणें गर्जती । स्त्रियेच्या संगती हित नोहे. मी तो सहज स्त्रियेचाचि देह । परमार्थाची सोय आतां कैची.' मला हे सोयराबाईंसारखंच वाटलं, देहावरून अडवलं म्हणून देहावरच प्रश्न. बरोबर आहे का असं जोडणं?

पिंपरीचा मी

एकदम बरोबर. फक्त एक फरक लक्षात ठेव, बहिणाबाई ब्राह्मण घरातल्या, त्यांना देवळाचं दार बंद नव्हतं, सोयराबाईंची वाट जात आणि बाईपण या दोन्ही कारणांनी अडवलेली. दोघींना 'स्त्री संत' म्हणून एका प्रश्नात गुंडाळू नकोस.

नानापेठ

दोन दिवस वाचतोय आणि एक गोष्ट मनात घर करून बसली. आमच्या भजनात सोयराबाईंचं 'अवघा रंग एक झाला' हमखास होतं, किशोरीताई आमोणकरांनी गायल्यापासून तर भैरवी म्हटली की तेच. पण 'देहासी विटाळ' मी आजवर आमच्या मंडळात ऐकलेलं नाही आणि कर्ममेळ्याचं तर काहीच नाही. काल बुवांशी बोललो, ते म्हणाले घेऊ, पण चाल लावायला हवी आणि मंडळींना शब्द आधी वाटायला हवेत, काहीजण कुरकुर करतील त्यांच्याशी मी बोलेन. पिंपरीचे दादा, गुरुवारी संध्याकाळी या, अभंग तुम्हीच समजावून सांगा, मी टाळ धरतो. आणि कुणाकडे या दोन अभंगांची चाल रेकॉर्ड केलेली असेल तर कृपया इथे टाका, नसेल तर आम्ही बसवतो.

पिंपरीचा मी

येतो काका. चोखोबांच्या घरातल्या सगळ्यांचेच घेऊ, बहीण निर्मळा आणि तिचा नवरा बंका पण. शब्द मी टाइप करून आणतो, किती प्रती काढू ते कळवा.